झोपायचं असेल तर घरी जा

हे वाक्य मी २०१३ च्या नोव्हेंबरात एका मुलाला सगळ्या वर्गासमोर ऐकवलं होतं. अकरावी कला शाखेचा वर्ग, दुपारचा शेवटचा तास, पटावर नव्वद आणि समोर साठेक मुलं. मी मराठी शिकवतो. तो मागून दुसऱ्या बाकावर डोकं टेकवून झोपला होता. सलग तिसरा दिवस. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केलं, दुसऱ्या दिवशी नाव घेऊन उठवलं आणि तिसऱ्या दिवशी हे वाक्य म्हणालो. वर्ग हसला. तो उठला, वही पिशवीत टाकली आणि काही न बोलता निघून गेला. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही कबूल करायला हवं. वर्गावरची पकड दाखवून दिल्याचं समाधान होतं ते.

पुढचे तीन आठवडे तो आला नाही. त्याच्या गावाकडच्या एका मुलाने मला व्हरांड्यात गाठलं, तेव्हा कारण कळलं. त्याचा मोठा भाऊ वाळूजला एका कंपनीत कामाला होता. दिवाळीनंतर एके दिवशी तो खोलीवरून बाहेर पडला, तो परतलाच नाही. मोबाइल बंद. पोलिसांत तक्रार दिलेली. आईवडील गंगापूर तालुक्यातल्या गावी आणि शहरात घरचं माणूस म्हणजे हा एकटा सतरा वर्षांचा मुलगा. तो रोज रात्री रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती बसस्थानक आणि घाटीच्या अपघात विभागाबाहेरची गर्दी अशी फेरी मारायचा. पहाटे खोलीवर यायचा आणि मग कॉलेजला, कारण अभ्यास बुडवणार नाही असा शब्द त्याने वडिलांना दिला होता.

म्हणजे तो झोपायला का होईना, वर्गात येत होता. आणि मी त्याला घरी जायला सांगितलं.

*

या गोष्टीबद्दल मी अनेक वर्षं चुकीचा पश्चात्ताप करत होतो. मला वाटायचं, माझी चूक ही की मला ठाऊक नव्हतं. चांगल्या शिक्षकाला आपल्या मुलांच्या घरचं सगळं ठाऊक असतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण हिशेब करून पाहा. मी रोज चार तास घेतो. त्या चार वर्गांत मिळून तीनशेच्या वर मुलं आहेत. कुणी कन्नडहून, कुणी सिल्लोडहून, कुणी पैठणहून रोज एसटीने येतं. कुणी मुकुंदवाडीत, कुणी हर्सूलला खोली करून राहतं. यांतल्या प्रत्येकाच्या घरी या आठवड्यात काय घडलं, हे मला कळणं अशक्य आहे. जे अशक्य आहे ते कुणाचं कर्तव्य असू शकत नाही.

माझी खरी चूक वेगळी होती. मला ठाऊक नव्हतं, तरीही ठाऊक असल्यासारखा मी वागलो. झोपलेला मुलगा दिसला आणि माझ्याकडे उत्तर तयार होतं: आळशी आहे, रात्रभर मोबाइल बघत असणार. ‘मला माहीत नाही’ ही जागा रिकामी ठेवण्याऐवजी मी ती हाताशी असलेल्या गोष्टीने भरून टाकली.

इथं एक साधा व्यवहारी विचार उपयोगी पडतो. समजा, मी झोपलेल्या मुलाला अडचणीत असलेला मानलं आणि तो प्रत्यक्षात आळशी निघाला. माझं काय नुकसान झालं? एका आळशी मुलाशी मी दोन शब्द मऊ बोललो, एवढंच. आता उलट धरा. मी त्याला आळशी मानलं आणि तो अडचणीत निघाला. मग जे नुकसान होतं ते कधी भरून निघेल, सांगता येत नाही. दोन्ही अंदाज चुकू शकतात, पण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. म्हणून जिथं आपल्याला कळत नाही, तिथं चुकलो तरी कमी दुखापत होईल असा अंदाज धरावा. यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. रात्री गाडी चालवताना समोरची काळी आकृती माणूस आहे की सावली हे कळत नसेल, तर आपण वेग कमीच करतो.

वर्गात मात्र आपण वेग वाढवतो. कारण वर्ग बघत असतो.

*

त्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता मला सगळं ठाऊक करून घ्यायचं होतं. मुलं गप्प दिसली की मी तासानंतर थांबवायचो, खोदून खोदून विचारायचो. ‘मला मोठा भाऊ समज’ वगैरे बोलायचो. सहकाऱ्यांमध्ये ‘मुलांचे सर’ अशी माझी ख्याती झाली होती आणि ती मला आवडतही होती.

दोन-तीन वर्षांनी बारावीतल्या एका मुलीने तपासायला दिलेल्या वहीच्या शेवटच्या पानावर मला काही ओळी दिसल्या. आपण नसलो तर घरच्यांचं ओझं कमी होईल, अशा अर्थाच्या. मी तिला स्टाफरूमबाहेरच्या कट्ट्यावर बोलावलं. ती बोलेना. मी म्हणालो, “तू सांग, मी कुणालाही सांगणार नाही.” मग ती बोलली. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. तिला शिकायचं होतं. आणि मामाच्या घरी राहताना जे सहन करावं लागत होतं ते वेगळंच. इथं मी त्याहून जास्त लिहिणार नाही. ते तिचं आहे.

ऐकता ऐकताच मला कळलं, की हे मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. तिच्या जिवाला धोका होता. त्याच दुपारी मी प्राचार्यांना सांगितलं, तिच्या आईला बोलावून घेतलं, घाटीतल्या मानसोपचार विभागात जाण्याची सोय केली. पुढे ते घर बदललं, लग्न लांबलं, ती परीक्षेला बसली. पण त्या दिवसापासून वर्ष संपेपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. माझ्या तासाला ती खिडकीबाहेर बघत बसायची.

बऱ्याच वर्षांनी ती गुलमंडीवर भेटली. नोकरीला लागली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग तीच म्हणाली, “सर, तुम्ही सांगितलं ते बरोबरच केलं. पण आधी ‘कुणाला सांगणार नाही’ असं म्हणायला नको होतं.”

मी तिच्याकडून शिकलेला हा धडा नीतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा कमी प्रतीचा नाही. मला वाटत होतं, माझ्यापुढे दोन कर्तव्यांची टक्कर होती: शब्द पाळायचा की जीव वाचवायचा. टक्कर खरी होती, पण ती उभी केली होती मीच. जो शब्द मला पाळता येणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं, तो मी तिला बोलतं करण्यासाठी वापरला. म्हणजे खोटं नाणं देऊन तिच्याकडची सगळ्यांत मौल्यवान वस्तू घेतली. हेतू चांगला होता म्हणून नाणं खरं होत नाही.

आता मी सुरुवातीलाच सांगतो, “तू जे सांगशील ते मी वर्गात, स्टाफरूममध्ये कुठंही बोलणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा तुझ्यावर कुणी अत्याचार करत असेल, तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल. आणि सांगण्याआधी मी ते तुला सांगेन.” अत्याचाराच्या बाबतीत तर हा पर्यायच उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. माझं हे वाक्य ऐकून काही मुलं बोलायची थांबतात. थांबू देत. सगळं ठाऊक असताना ती थांबली, तर तो त्यांचा निर्णय असतो. खोट्या शब्दावर बोलली असती, तर निर्णय माझा झाला असता.

*

आमच्या शहरात नागसेनवन आहे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथं महाविद्यालय काढलं. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातला राजा मिलिंद आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू नागसेन यांची ही नावं. एका मागास म्हणवल्या जाणाऱ्या भागात, पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना प्रश्न विचारण्याची मनाई होती त्यांच्या मुलांसाठी काढलेल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांना त्याचं नवल वाटत नाही, पण आहे नवलाचं.

त्या ग्रंथात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मिलिंद नागसेनाला चर्चेचं आमंत्रण देतो. नागसेन अट घालतो: महाराज, तुम्ही पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नाही. फरक काय, असं राजा विचारतो. नागसेनाच्या उत्तराचा आशय असा, की पंडितांच्या चर्चेत कुणाची चूक दाखवली जाते, कुणाला माघार घ्यावी लागते, पण त्यावरून कुणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि न पटणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद ते मान्य करतो आणि मगच संवाद सुरू होतो.

वर्गात राजा कोण असतो? शिक्षक. हजेरी माझ्या हातात, अंतर्गत गुण माझ्या हातात, घरी फोन करायचा की नाही हे माझ्या हातात. तेव्हा मी जेव्हा एखाद्या मुलीला थांबवून ‘काय झालं, सांग’ म्हणतो, तेव्हा माझ्या मनात ती विचारपूस असते, तिच्या कानाला मात्र ती आज्ञा वाटू शकते. नाही म्हणायची सोय नसेल तर विचारण्याला विचारणं म्हणता येत नाही. नागसेन भिक्खू असल्यामुळे त्याला राजाला अट घालता आली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते जमणार नाही. म्हणून ती अट राजानेच स्वतःला घालून घ्यायची असते: ‘तुला सांगायचं नसेल तर नको सांगू, त्याने माझ्या वागण्यात काही फरक पडणार नाही.’ आणि मग खरोखरच फरक पडू द्यायचा नसतो.

*

आता तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत उशिरा कळली. आमच्याकडे प्रकल्पाची वही वेळेत दिली नाही तर गुण कापतात. पण ‘खरं कारण’ असेल तर मी सवलत देत असे. याचा परिणाम काय झाला, तर माझ्याकडे कारणं येऊ लागली. एका मुलाचे एका वर्षात तीन आजोबा वारले. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर खूप हसलो. ‘सर, नळाला पाणी आलतं’ हे तर आमच्या शहराचं कायमचं कारण. पाच-सहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या गावात ते खोटंही म्हणता येत नाही.

हसून झाल्यावर एका गोष्टीचं मला वाईट वाटायला लागलं. त्याच वर्षी एका मुलीने वही दिली नव्हती, मी गुण कापले आणि तिने काही कारण सांगितलं नाही. पुढे कळलं, की तिची आई आजारी होती आणि घरचा स्वयंपाक, धाकट्या भावाची शाळा सगळं तीच बघत होती. मी विचारलं, “सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “त्यात काय सांगायचं, सर.”

म्हणजे मी नकळत एक बाजार मांडला होता. तिथं दुःख दिलं की दोन दिवस मिळत. ज्याला दुःख मांडता येतं, ज्याला लाज वाटत नाही, ज्याच्याकडे तीन आजोबा आहेत, त्याला माल मिळे. जो मानी आहे, जो घरचं बाहेर बोलत नाही, त्याला काहीच नाही. आणि आपल्याकडे बहुतेक घरांत मुलांना हेच शिकवलेलं असतं, की घरचं बाहेर बोलू नये.

त्यानंतर मी नियम बदलला. वर्षातून दोनदा कुणालाही, काहीही कारण न सांगता, एक आठवडा उशिरा वही देता येते. मला फक्त आधी कळवायचं. ज्याला तोंडी प्रश्न विचारलेला नको असेल त्या दिवशी त्याने पेन आडवं न ठेवता बाकावर उभं धरायचं. मी पुढे सरकतो, का ते विचारत नाही. नियमाचा गैरफायदा घेतला जातो का? जातो. काही मुलं क्रिकेटच्या सामन्यासाठी उशीर करतात. पण मला ते चालतं, कारण त्या क्रिकेटवाल्यांच्या गर्दीत ती मुलगी कुणाच्या नजरेत न येता उभी राहू शकते. दयेसाठी कुणाला आपली जखम उघडी करून दाखवावी लागू नये. ती सवलत सगळ्यांसाठी असली, की तिला दयेचा वास येत नाही.

*

हे सगळं ऐकून माझे एक ज्येष्ठ सहकारी चिडतात. त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते चुकीचं नाही. ते म्हणतात, “आम्ही छड्या खाऊन शिकलो. आमचं काय बिघडलं? जग यांना सवलती देणार आहे का? आणि आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही.”

छड्यांबद्दल एवढंच म्हणेन, की छड्या खाऊन जे शिकले तेच आज सांगायला आहेत. ज्यांनी शाळा सोडली त्यांना स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची मिळालेली नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहे, पण पंधराव्या वर्षी अपमान लागायचा थांबतो असं काही नाही.

‘आपण डॉक्टर नाही’ हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना ते विसरल्यामुळेच मी त्या मुलीच्या बाबतीत चुकलो. शिक्षकाने उपचार करू नयेत, त्याने शिकवावं. पण नीट शिकवण्यात काय काय येतं, ते बघा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तिथं एक मुलगा रोज एकटाच वाचत बसलेला त्यांना दिसे. तो त्यांच्या शाळेतलाही नव्हता. त्यांनी त्याची चौकशी केली, काय वाचतोस ते विचारलं, वाचायला पुस्तकं दिली. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, तेव्हा झालेल्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांची मदत मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्याच मुलाने चार दशकांनंतर आमच्या गावात नागसेनवन उभं केलं.

भीमरावाच्या वाट्याला शाळेत काय आलं होतं, ते आपण सगळे जाणतो. केळुसकरांनी त्याच्या जखमेपासून सुरुवात केली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी विचारलं ते वाचनाबद्दल. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या मनात शिरायला एक हक्काचं दार असतं, ते म्हणजे त्याचा विषय. मराठीच्या तासाला मी कवितेतल्या आईबद्दल बोलतो, तेव्हा आई नसलेल्या मुलाला स्वतःबद्दल एक शब्दही न बोलता काहीतरी मिळू शकतं. कदाचित मिळणारही नाही. पण दार उघडं असतं आणि आत यायचं की नाही हे त्याच्या हातात राहतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल स्वतः मुलींच्या शाळांमध्ये शिकवत असे. १९४२ साली लिहिलेल्या एका निबंधात तिने म्हटलंय त्याचा आशय असा: भूमितीचं उदाहरण सुटलं नाही तरी ते सोडवताना लक्ष देण्याची जी शक्ती वाढते, तीच पुढे दुःखी माणसाजवळ उभं राहताना कामी येते. कारण दुःखी माणसाला बहुतेक वेळा हवं असतं ते कुणीतरी आपल्याकडे नीट बघणं, आणि हे फार थोड्यांना जमतं. तिचा धार्मिक रोख बाजूला ठेवला तरी हे मला पटतं. निबंध तपासताना मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहतो की ती ओळ लिहिणारा हातही पाहतो, यात शिकवण्याचं आणि सांभाळण्याचं काम वेगळं काढता येत नाही. त्या मुलीच्या शेवटच्या पानावरच्या ओळी मला दिसल्या, त्या मी मराठीचा शिक्षक म्हणून वही शेवटपर्यंत चाळली म्हणून.

*

तरीही एक हद्द आहेच आणि तिच्यापुढे शिक्षकाची माया पुरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लाजवू नये. हे शेवटचं वाचताना मला तो मागून दुसरा बाक आठवला.

ही माणसं आपल्या कॉलेजात येतील तेव्हा येतील. तोवर शिक्षकाला निदान इतकं करता येतं. एखाद्या मुलाच्या बोलण्यात मरणाचा विचार डोकावला, तर त्याला सरळ, शांतपणे विचारावं, की जीव द्यायचा विचार मनात येतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट विचारल्याने बोलायला वाट मिळते. उपदेश करू नये, ‘तुझ्याहून वाईट परिस्थितीत लोक जगतात’ हे तर मुळीच म्हणू नये. त्याला एकटं सोडू नये. त्याला सुरक्षित वाटेल असं घरचं माणूस आणि उपचार करू शकणारा माणूस या दोघांपर्यंत त्याच्याबरोबर जावं. टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही विनाशुल्क क्रमांक आमच्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेले असतात, तारखेच्या खाली. तारीख रोज पुसली जाते, ते पुसायचे नाहीत असं मुलांनीच ठरवलंय.

आणि शिक्षकाचं काय? या प्रश्नाशी आलो की मला साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर मुलांना बोल न लावता ते स्वतःच त्यांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मराठी शिक्षकासमोर ठेवलेला सगळ्यांत मोठा आदर्श तो हाच. पण त्या आदर्शाचा शेवट आपण वर्गात सांगत नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यामागे एकच कारण शोधणं उथळपणाचं होईल आणि मी ते करणार नाही. मला एवढंच वाटतं, की इतक्या मुलांची आई झालेल्या माणसाकडे आपण फक्त घेणारे म्हणून पाहिलं. ‘गुरुजी, तुम्ही कसे आहात?’ हे विचारायची आपल्याला सवय नव्हती. आजही नाही. माझ्या स्टाफरूममध्ये तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण सहकारी आहेत. पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांच्याकडून मुलांसाठी अथांग मायेची अपेक्षा करणं आणि त्यांना मात्र महिनोन्‌महिने मानधनासाठी ताटकळत ठेवणं, यात काही नैतिक विसंगती आहे असं आपल्याला वाटत नाही. सांभाळणाऱ्याला कुणी सांभाळणार नसेल, तर मुलांना सांभाळण्याची भाषा हा आणखी एक बोजा ठरतो.

*

तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. त्याच बाकावर बसला. मी तासानंतर त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “मी त्या दिवशी बोललो ते चुकीचं होतं.” तो पटकन उठून उभा राहिला आणि म्हणाला, “नाही सर, बरोबर होतं.” मला समजेना काय बोलावं. मग मी ते पुढच्या तासाला सगळ्या वर्गासमोर म्हणालो, कारण अपमान सगळ्यांसमोर झाला होता. या वेळी वर्ग हसला नाही. तो खाली बघत राहिला. त्याला ते आवडलं की आणखी लाज वाटली, मला कळलं नाही.

तो बारावी पास झाला आणि गेला. त्याचा भाऊ सापडला का, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की ते त्याचं खाजगी दुःख होतं, त्याचा मान ठेवून मी गप्प राहिलो. हे लिहिताना मात्र वाटतं, की मला उत्तराची भीती वाटत होती. यातलं खरं कोणतं, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आजही कुणीतरी बाकावर डोकं टेकवतंच. मी शिकवणं न थांबवता त्या रांगेत चालत जातो, बाकाच्या कडेला दोन बोटांनी हलकेच टकटक करतो आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं विचारतो, “पाणी पाहिजे का?” कुणी हो म्हणतं, बाहेर जाऊन तोंड धुऊन येतं. कुणी मान हलवतं आणि पुन्हा डोकं टेकवतं. मी त्याला तसंच राहू देतो आणि पुढची ओळ शिकवायला घेतो.